तोतयाची पोच

८ फेब्रुवारी

टिचक्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलायची सोय राहिली नाही एवढंच. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात हे दिवसभर घरी. मी 'हॅलो' म्हटलं की यांचे कान इकडे. 'बरं आहे, छान आहे' यापलीकडे काय बोलणार? म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. दुपारी चष्म्याला गिऱ्हाईक नसतं आणि मालक जेवून डुलकी काढतो.

खरं सांगू, थकले रे. एक दिवसाआड डायलिसिस. जाताना हे माझ्याशी भांडत जातात आणि येताना पिळलेल्या फडक्यासारखे येतात. पाणी मोजून द्यायचं. परवा मी भांडी घासत होते तर हे नळाच्या धारेकडे असे बघत होते की मी नळ बंद केला आणि हात तसेच फेसाचे घेऊन उभी राहिले. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आता स्वतःच्या घराचा जिना चढताना पायरीवर बसतात. जीभ मात्र शाबूत आहे. म्हणतात, "वायरिंग ठीक आहे गं, मोटार गेलीय. दुसरी बसवा, बघ कसा पळतो."

दुसरी मोटार मिळायची ती अवयवदानाच्या सरकारी नोंदणीच्या यादीतून. माझी किडनी जुळली नाही. तू एवढ्या लांबून येऊन तपासून घेतलीस, तुझीही नाही. आता कोणा परक्याचीच. पण एक चांगली बातमी आहे. यांच्या रक्तगटात यांचा पहिला नंबर लागलाय. आता फक्त दर महिन्याला ताज्या रक्ताचा अहवाल नोंदणीला पोचवायचा, म्हणजे नाव जागं राहतं. एक महिना जरी चुकला तरी नाव झोपतं, मग किडनी आली तरी आपल्याला कोणी विचारत नाही. मी बरी चुकवेन! नोंदणी कचेरीच्या खिडकीसमोर अर्धा दिवस उभी राहते, पण शिक्का घेतल्याशिवाय हलत नाही.

आत्या विचारत होती, टिचक्या नक्की काय काम करतो म्हणून. मी म्हटलं, कॉम्प्युटरचं. ती म्हणाली, ते कळलं, पण करतो काय? आता तूच लिही, काय सांगू तिला.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

आत्याला सांग, 'लहानपणी कपबशा घेताना तो प्रत्येक कपाला टिचकी मारून कान लावायचा आणि मी लाजून दुकानाबाहेर उभी राहायचे, तेच काम तो अजून करतो.' फरक एवढाच की आता दुकानदार हाकलत नाही, उलट पगार देतो.

आणि ऐक, बसली आहेस ना? नोंदणीची नवी साईट आमचीच कंपनी करतेय. तपासायचं काम माझ्याकडे आहे. मुद्दाम मागून घेतलं. पुढच्या महिन्यापासून तुला खिडकीसमोर उभं राहायला नको. दुकानात बसल्या बसल्या अहवाल पाठवायचा आणि लगेच पोच घ्यायची.

हे चालतं कसं ते सांगतो, म्हणजे आत्यासमोर फुशारकी मारता येईल. साईट म्हणजे नुसता दरवाजा. खरी यादी नोंदणीच्या मशीनमध्ये. तू अहवाल टाकलास की साईट आत निरोप देते, 'अमक्याचा अहवाल आलाय, लिहून घे.' मशीन म्हणतं, 'घेतला.' मग साईट तुला तेच सांगते, शब्द न बदलता. आता तपासताना मी खऱ्या मशीनला खोटे पेशंट कसे पाठवणार? तिथल्या यादीचा सत्यानाश व्हायचा. म्हणून मी खऱ्याच्या जागी एक तोतया बसवलाय. बोलतो अगदी खऱ्यासारखा, पण लिहून काहीच घेत नाही. माझा एक प्रोग्राम त्याला रोज आपोआप शेकडो निरोप धाडतो. उत्तर बरोबर आलं की हिरवा दिवा, चुकलं की लाल. एवढाच माझा संसार.

तोतयाच्या उत्तरात काहीतरी मजकूर घालावा लागतो. बाकीचे 'टेस्ट टेस्ट' असं काहीबाही घालतात. मी आईचं वाक्य घातलंय, मी वसतिगृहात होतो तेव्हा ती माझ्या प्रत्येक पत्राला लिहायची ते. दिवसभर तेच डोळ्यांसमोर येतं. बरं वाटतं.

भावोजींना सांग, मोटार येतेय. पळायची तयारी ठेवा म्हणावं.

टिचक्या


१४ मार्च

टिचक्या,

वाहवा रे पठ्ठ्या! आज अहवाल साईटवरून पाठवला. मालकाने घोरायला सुरुवात केली तेव्हा बसले, त्याची कूस बदलायच्या आत पोच हातात. खिडकीवरची ती बाई, जी मला कायम 'पुढच्या वेळी झेरॉक्स दोन आणा' म्हणायची, तिचं तोंड आता बघायला नको. निम्मं आजारपण तिच्यामुळे होतं.

यादीतलं नाव फोनवर पण बघता येतं, हे साईट सुरू झाली त्याच दिवशी यांना दाखवलं, तर काय विचारतोस! आता सकाळी उठले की आधी फोन. 'नाव जागं आहे, क्रमांक पहिला.' मोठ्यांदा वाचून दाखवतात मला. तेवढ्यावर तोंड धुवायला उठतात. नाहीतर उठवता उठवता माझा जीव जायचा.

बाकी चाललंय तसंच. वजन उतरलंय. पँटला पट्ट्याची नवी भोकं पाडून दिली. मला कधी कधी वाटतं, मी फार दिवस हे ओढू शकणार नाही. मग वाटतं, आपल्याला कोण विचारतंय ओढणार का म्हणून. ओढायचं.

ताई


२० मार्च

ताई,

उशीर झाला, माफ कर. साईट सुरू झाली त्या आठवड्यात इथे नुसती पळापळ होती. ऐन उद्घाटनाच्या सकाळी खरं मशीन दमलं. निरोप पाठवला की गप्प. माझे सगळे दिवे लाल, आणि साहेब माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा. 'हिरवं कधी होणार, हिरवं कधी होणार.' पाहुणे येऊन बसलेले. शेवटी मी दुपारपुरती एक युक्ती केली आणि सगळे दिवे हिरवे करून दिले. साहेबाने पाठ थोपटली. केक कापला, मला गुलाबाचं क्रीम असलेला तुकडा मिळाला. तेव्हापासून रोज सकाळी दिवे हिरवेगार. मी आता दुसऱ्या कामावर आहे.

भावोजी सकाळी फोन वाचतात हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. एवढी वर्षं काम करतोय, पण त्याचा घरातल्या माणसाला उपयोग झाला असं पहिल्यांदा घडलं.

तू ओढू नकोस एकटी. मेमध्ये रजा काढून येतो, तू जरा झोप काढ.

टिचक्या


२६ एप्रिल

टिचक्या,

मन कशातच नाही आज. डायलिसिसला यांच्या शेजारच्या खाटेवर एक बेकरीवाला असतो, तुला सांगितलं होतं का? जाडा, सारखा हसणारा. त्याला मंगळवारी किडनी मिळाली. यांचाच रक्तगट. यादीत आपल्या मागे होता तो. मी डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, जुळणीवर असतं, वरून कोणाचं नाव येईल ते आपल्या हातात नाही. असेल बाबा. त्याचा मुलगा आम्हाला बिस्किटांचा डबा देऊन गेला. हे म्हणाले, "त्याची मोटार बसली, आता आपलीच पाळी." दोन बिस्किटं खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मीही खाल्ली. चांगली होती.

तो मुलगा म्हणत होता, आमचा त्या साईटवर विश्वास नाही हो, आम्ही खिडकीवरच जातो. मी त्याला म्हटलं, माझ्या भावाने केलीय ती साईट, जरा जपून बोल. हसला.

आज अहवाल पुन्हा पाठवला. एक गोष्ट तुला सांगणार नव्हते, तू चढून बसशील म्हणून. पण आज सांगते, कारण आज तिचाच आधार आहे. पोच येते ना, तिच्यात तू आईचं वाक्य घातलंयस. 'मिळालं हो. आता घोर लावून घेऊ नकोस.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी काउंटरखाली वाकून रडले. गिऱ्हाईक आलं तर म्हटलं, स्क्रू पडलाय चष्म्याचा, शोधतेय. तू लिहिलं होतंस घातलंय म्हणून, पण मला वाटलं नव्हतं की साहेब खरंच ठेवू देतील. सरकारी पोच असून अशी बोलते, असं जगात कुठे नसेल. आई गेल्यापासून मला 'घोर लावून घेऊ नकोस' असं कोणी म्हटलेलंच नाही रे. महिन्यातून एकदा का होईना, म्हणते ती.

ताई


२७ एप्रिल

ताई,

उद्या सकाळी सगळे कागद घेऊन खिडकीवर जा. मार्चचा आणि एप्रिलचा, दोन्ही अहवाल. हातात दे आणि शिक्का घे. साईटवर काही बघू नकोस, भावोजींनाही काही सांगू नकोस.

मी फोन करत नाही. केला तर ते ऐकतील. आत्ता काही विचारू नकोस, फक्त जा.

टिचक्या


३ मे

टिचक्या,

गेले होते. त्या बाईने यांचं नाव काढलं आणि म्हणाली, "तुमचं नाव झोपलंय. मार्चपासून अहवालच नाही." मी म्हटलं, डोळे तपासून घ्या, चष्म्याच्याच दुकानात असते मी, सवलत देते. पोच काढून समोर ठेवली. तिने वाचली, शेजारच्याला दाखवली, त्याने वाचली, आणि दोघं हसले. म्हणाली, "बाई, आमची पोच अशी बोलत नाही. आमच्या पोचेवर नुसता आकडा असतो. हे कोणी लिहिलं तुम्हाला?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. सगळ्या रांगेसमोर ओरडले तिच्यावर. म्हटलं, माझा सख्खा भाऊ आहे ही साईट करणारा, त्याने घातलंय ते वाक्य. त्याच्यासारखा बारकाईने काम करणारा तुमच्या अख्ख्या कचेरीत नाही. फोन लावा त्याला! तिने अहवाल घेतले, शिक्का मारला. पण मेलीने मघाशी हसून घेतलं ते घेतलंच.

आता तू तुझ्या साहेबांकडून एक कडक पत्र पाठव त्यांना. त्यांनी नाव झोपवलंच कसं? आणि तुला कसं कळलं रे आधी, मला खिडकीवर जा म्हणून? तू गप्प का आहेस? आठवडा होत आला, नुसता गप्प.

ताई


५ मे

ताई,

त्या बाईवर ओरडू नकोस. तिचं बरोबर आहे.

मला कळलं ते तुझ्या पत्रातल्या आईच्या वाक्यावरून. ते वाक्य खऱ्या साईटवर असायलाच नको होतं. ते फक्त तोतयाला येतं. तुला पोच देणारा तोतया होता. मार्चमध्येही, एप्रिलमध्येही. त्याने तुझे अहवाल घेतले, आईच्या शब्दांत तुला सांगितलं की मिळालं, आणि लिहून काही घेतलं नाही. फोनवर दिसायचा तो पहिला नंबर पण त्याचाच. तोतया सगळ्यांना पहिलाच नंबर सांगतो, मीच तसा केलाय.

उद्घाटनाच्या दिवशी मी युक्ती केली म्हणून लिहिलं होतं ना, ती ही. साईटने निरोप कुठे न्यायचा हे एका ओळीत लिहिलेलं असतं. खरं मशीन बोलत नव्हतं म्हणून त्या ओळीत मी तोतयाचा पत्ता घातला. दुपारपुरता. मग केक आला, मग नवं काम आलं. ती ओळ तशीच राहिली. रोज सकाळी माझा प्रोग्राम निरोप पाठवत राहिला, तोतया उत्तर देत राहिला, दिवे हिरवे होत राहिले. लाल असतं तर शंभर माणसं धावली असती. हिरव्याकडे कोण बघतं?

आणि मला हे आधीच कसं कळलं असतं, ते सांगतो. एक जरी निरोप असा पाठवला असता, की ज्याला खऱ्याने 'नाही' म्हणायलाच हवं. मेलेल्या माणसाचं नाव, नसलेला रक्तगट, काहीही. तोतया त्यालाही हो म्हणाला असता आणि जागच्या जागी पकडला गेला असता. मी सगळे प्रश्न असे विचारले ज्यांचं उत्तर 'हो' आहे. एवढं साधं मला सुचलं नाही. कपाला टिचकी मारणारा म्हणे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांना सांगितलं. ओळ बदलली, मग दोन-तीन दिवसांत सगळी नावं जागी केली, भावोजींचं पुन्हा पहिलं आहे, आता खरोखरचं. कंपनीने 'तांत्रिक अडचण' असं पत्रक काढलं. मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

एक गोष्ट राहिली. ती तुला लिहू नये असं वाटत होतं, पण तू शोधून काढशीलच. बेकरीवाल्याला मिळाली ती किडनी जुळणीवर गेली नाही. मी नोंदणीच्या मशीनमधली त्या दिवसाची नोंद बघितली. ती भावोजींना जुळत होती. नाव झोपलेलं होतं म्हणून पुढच्या माणसाला विचारलं.

मला काय म्हणायचं ते म्हण. मी येऊ का?

टिचक्या


२ जुलै

टिचक्या,

दोन महिने तुला उत्तर दिलं नाही. काय देणार होते?  राग आहे. खोटं कशाला बोलू, खूप आहे. तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं. त्याने राग कमी होत नाही, उलट बसतो छातीवर. मुद्दाम केलं असतंस तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

यांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. बिस्किटं खाल्ली होती ना त्यांनी. कसं सांगू?

आता पुढचं ऐक. जूनमध्ये यांना धाप लागायला लागली. ऑपरेशनच्या आधी जी तपासणी करतात ती पुन्हा केली. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं, यांना सांगितलं की बिलाचं काम आहे. हृदय खचलंय म्हणाले. आता किडनी मिळाली तरी ऑपरेशन झेपणार नाही, टेबलावरच जातील. मी विचारलं, कधीपासून? तो बिचारा तरुण डॉक्टर, त्याला काय माहीत. सहज बोलून गेला, "एप्रिलपर्यंत निभावलं असतं हो." मी त्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले आणि तुझं नाव घेतलं. कोणत्या सुरात घेतलं ते विचारू नकोस.

नियमाप्रमाणे यांचं नाव यादीतून काढलं. झोपवलं नाही, काढलंच. साईट उघडली की येतं, 'हे नाव यादीत नाही.' तुमचं मशीन आता खरं बोलायला लागलंय, चांगलं झालं.

चार दिवस यांना सांगतेय की फोनचं इंटरनेट बिघडलंय. हे सकाळी हात पुढे करतात, मी सांगते अजून नाही आलं. हे म्हणतात, मेकॅनिकला बोलाव. मग तोंड धुवायला उठत नाहीत. काल जेवलेही नाहीत. डायलिसिसला जायला पण कुरकुर सुरू झालीय. म्हणाले, "कशासाठी जायचं, सांग ना?" 

म्हणून तुला एक काम सांगतेय. तो तुझा तोतया पुन्हा उभा कर. फक्त यांच्यासाठी. फोनवर तसंच पान दिसू दे, तेच रंग, तीच अक्षरं. नाव जागं आहे म्हणू दे, पहिला नंबर म्हणू दे, रोज. यांना कळता कामा नये. तुला येतं ना ते? मग कर. बाकी काही तुझ्याकडून नको.

ताई


४ जुलै

ताई,

केलं. खाली पत्ता दिलाय. भावोजींच्या फोनवर जुन्या पानाच्या जागी हा ठेव, त्यांना फरक दिसणार नाही. रोज सकाळी तारीख आपोआप बदलेल, नाहीतर त्यांना संशय येईल. पोचेचा मजकूर मी नेहमीसारखा कोरडा ठेवलाय, आकडा आणि शिक्का. ते वाक्य घातलं नाही.

करताना मी सवयीने तपासायला बसलो, आणि मग लक्षात आलं की यात तपासायचं काय आहे. हो म्हणतंय का, एवढंच बघायचं. म्हणतंय. आयुष्यात केलेल्या कामातलं हे एकच असं आहे की त्यात चूक राहिली तरी चालणार नाही आणि बरोबर असलं तरी मला बघवत नाही.

ताई, मला येऊ दे. महिनाभर रजा आहे, आणखी मिळेल. डायलिसिसला मी नेईन, पाणी मोजून मी देईन, तू दुकानात जा, घरी ये, झोप. मी एका कोपऱ्यात पडून राहीन. मला शिव्या दे, पण येऊ दे. इथे दिवसभर खुर्चीत बसवत नाही.

टिचक्या


९ जुलै

टिचक्या,

पान चाललं. हे सकाळी उठून बसले, चष्मा पुसला आणि मोठ्यांदा वाचलं. तोंड धुतलं. डायलिसिसला जाताना माझ्याशी भांडले सुद्धा, मी पिशवी कुठे ठेवली म्हणून. किती दिवसांनी भांडले. संध्याकाळी म्हणाले, "तुझा भाऊ हुशार निघाला हो. बोलाव त्याला, मोटार बसायच्या आधी एकदा गप्पा मारू." मी म्हटलं, रजा मिळत नाही त्याला.

येऊ नकोस. रागाने म्हणत नाहीये. राग आहे तो राहील, त्याचं मी बघते. पण तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात तुझे. हे तुला दारातच ओळखतील, आणि मग ते पान, मी, सगळंच गेलं. मला जमतं. पहिल्या दिवशी वाटलं नव्हतं, पण जमतं.

मी बोलावेन तेव्हा ये. तेव्हा तुला यांच्यापासून काही लपवावं लागणार नाही.

ताई